उशिरा सापडलेले नाव

आमच्या विट्याकडे, खानापूर तालुक्यात, कोणत्याही गावात जा. चार घरे ओलांडलीत की एका घरातला कोणीतरी गलाईच्या धंद्यात सापडतोच. सोनेचांदी गाळून शुद्ध करण्याचा हा धंदा. आमच्याकडची पोरे मिसरूड फुटायच्या आत केरळात, तामिळनाडूत, थेट कलकत्त्यापर्यंत जातात आणि भट्टीपुढे बसून हे काम शिकतात. सोन्याचा कस कसा लावतात हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. काळ्या दगडावर एक रेघ ओढायची, शेजारी माहितीतल्या सोन्याची रेघ ओढायची, तेजाब लावायचे आणि पाहायचे. जाणता माणूस एवढ्यावरून सांगतो की यात भेसळ किती.

माणसाचा कस लावायला असा दगड कोणी आम्हा मास्तरांच्या हाती दिला असता तर बरे झाले असते. तो नसल्यामुळे आम्ही अंदाजाने चालतो आणि पुष्कळदा चुकतो. माझ्याकडून असाच एक कस चुकला होता. ती हकीकत मी शेवटी सांगणार आहे. त्याआधी सांगायची आहे ती दूरदेशच्या एका नाटककाराची गोष्ट. मध्ये थोडे वैद्यकाचे बोलणे येईल आणि थोडे आपल्या सांगलीच्या विष्णुदास भाव्यांचे. कार्यक्रम असा आधीच सांगून टाकतो आहे, त्यालाही कारण आहे. ते ओघाने कळेल.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचे बेट आहे. त्याच्या वायव्य कोपऱ्यात स्मिथटन हे लहानसे शेतीवाडीचे गाव. हॅना गॅड्स्बी यांचा जन्म १९७८ साली तिथला. पाच भावंडांतले हे शेंडेफळ. गॅड्स्बी स्वतःला बाई किंवा पुरुष अशा कोणत्याच रकान्यात बसवीत नाहीत, म्हणून मीही बोलताना ते सांभाळणार आहे; ऐकताना एखादे वाक्य वळणाचे वाटले तर त्याचे कारण हे. शिक्षण झाले ते चित्रकलेच्या इतिहासाचे, कॅनबेराच्या विद्यापीठात. पदवी पदरात पडली, पण पुढे काय करावे याचा पत्ता नव्हता. पुस्तकाच्या दुकानात काम, चित्रपटगृहात यंत्रावर फिल्म चढवण्याचे काम, रानात झाडे लावण्याचे मजुरीचे काम. काही काळ तर राहायला घरही नव्हते. बुद्धी आहे, पदवी आहे, अंगात आळस नाही, आणि तरी साधा संसाराचा गाडा हाकता येत नाही. असे माणूस आपल्या गावात असते तर आपण काय म्हटले असते? ‘शिकलं, पण हुकलं.’

२००६ साली नवोदित विनोदी कलावंतांच्या राष्ट्रीय स्पर्धेत गॅड्स्बी यांना पहिले बक्षीस मिळाले आणि आयुष्याला वाट सापडली. एकट्याने रंगभूमीवर उभे राहायचे, स्वतःच लिहिलेले स्वतःच बोलायचे आणि तासभर प्रेक्षकांना धरून ठेवायचे. आपल्याला हा प्रकार परका नाही. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ आणि लक्ष्मण देशपांड्यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आपण पाहिले-ऐकले आहे. एकच माणूस लिहितो आणि तोच सगळे रंगमंचावर उभे करतो. त्याला एकपात्री म्हणा, नाटक म्हणा. नावावरून भांडण्यात अर्थ नाही. याच माणसाने पुढे दूरचित्रवाणीवरच्या मालिकेत लेखन आणि अभिनय केला, चित्रकलेवर माहितीपट केले, चित्रसंग्रहालयांतून हसतखेळत व्याख्याने दिली. २०२३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात पिकासोच्या चित्रांचे एक प्रदर्शन मांडण्यात त्यांचा हात होता. त्या प्रदर्शनावर टीकाकार तुटून पडले, हेही सांगितले पाहिजे. अंगात पुष्कळ गुण असले म्हणून प्रत्येक गुण सारखा पिकतो असे नाही.

आता मुद्द्याचे. चाळिशी गाठायच्या थोडे आधी गॅड्स्बी यांना डॉक्टरांनी सांगितले की तुम्हाला ऑटिझम आहे. मराठीत आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो. तोवर एकपात्री प्रयोगांत दहाएक वर्षे गेली होती.

हा शब्द मला स्वतःला फारसा पटत नाही. स्वमग्न म्हटले की डोळे मिटून बसलेला साधुपुरुष डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात पुष्कळ जणांची तक्रार उलटी असते. त्यांना आतले नव्हे, तर बाहेरचेच फार होते. आपल्याला लग्नातला बँड म्हणजे नुसता आवाज. त्यांच्या डोक्यात तो खिळ्यासारखा शिरतो. आपण बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून न बोललेले ओळखतो. त्यांना ते पुस्तकातल्या धड्यासारखे एकेक करून शिकावे लागते. शब्दाचा जो अर्थ, तोच ते घेतात. ठरलेल्यात बदल झाला की जीव कासावीस होतो. एखाद्या विषयात मन गेले, तर त्याच्या तळाशी जाईपर्यंत ते बाहेर येत नाहीत. हे सगळे सगळ्यांत सारखे नसते. कोणी आयुष्यभर बोलू शकत नाही, कोणाला प्रत्येक गोष्टीत आधार लागतो. कोणी तासभर रंगभूमी गाजवतो आणि घरी आल्यावर साध्या फोनला उत्तर देताना त्याचा घाम निघतो. नाव एकच, पण त्याखाली येणारी माणसे जोंधळ्याच्या कणसातल्या दाण्यांसारखी एका मापाची नसतात.

शास्त्राला हे समजायलाही वेळ लागला. ग्रुन्या सुखारेवा नावाच्या डॉक्टरीणबाईंनी मॉस्कोत अशा मुलांचे वर्णन १९२५-२६ मध्येच करून ठेवले होते. ते फारसे कोणी वाचले नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकीकत छापली आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी आणखी काही मुलांची. मग काही वर्षे असा एक दुष्ट समज पसरला की आई मायेने थंड असली की मूल असे होते. किती आयांनी हा ठपका डोक्यावर वाहिला असेल कोण जाणे! तो समज साफ खोटा ठरला आहे. लस टोचल्याने हे होते, असे सांगणारा १९९८ सालचा लेखही ज्या नियतकालिकाने छापला होता त्यानेच २०१० साली मागे घेतला. हे जन्मजात असते. मेंदूची घडणच निराळी असते, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. जगाचा हिशेब धरला तर शंभर-सव्वाशे माणसांमागे एक, असे प्रमाण सांगतात. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावात पंधरा-वीस माणसे आली. ती कोठे आहेत? आपल्यातच आहेत, नाव मात्र निराळे पडले आहे. कोणी घुम्या, कोणी तिरसट, कोणी ‘अर्धवट’. मुलींच्या बाबतीत तर हे आणखीच लपून राहते. मुलगी गप्प बसली, डोळे वर करीना, की आपण ‘मोठ्या वळणाची पोर’ म्हणून उलट तिचे कौतुक करतो. ती दुसऱ्या मुलींकडे बघून-बघून हसायचे कधी, बोलायचे कधी हे पाठ करीत असते. आणि त्या पाठांतराने ती किती थकते ते आपल्याला दिसत नाही.

गॅड्स्बी यांच्या ‘डग्लस’ या प्रयोगात शाळेतला एक प्रसंग आहे. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी तो विशेष लक्ष देऊन ऐकावा. व्याकरणाचा तास चालला आहे. आपल्याकडे जी शब्दयोगी अव्यये, आत, वर, खाली, जवळ, त्यांच्या इंग्रजी भावंडांची गोष्ट. मास्तरांनी एक पेटी कल्पिली आणि सांगितले की तुमचे या पेटीशी जे नाते, ते हा शब्द दाखवतो. पेटीच्या जोडीला उदाहरणात एक पेंग्विन पक्षीही येतो. झाले, हे मूल तिथेच अडकले. माझे पेटीशी नाते? मी पेटीची नातलग कशी? आणि पेंग्विन तिथे आला कुठून? मूल खरोखरच समजून घ्यावे म्हणून विचारते आहे. जितके जास्त समजून घ्यायला धडपडते, तितके मास्तरांना वाटते की हे कार्टे माझी टर उडवते आहे. त्याचा शेवट काय होणार ते तुम्ही ओळखलेच असेल. प्रेक्षक त्या प्रसंगाला पोट धरून हसतात. मीही हसलो. मग हसू आवरले, का ते पुढे सांगतो.

निदानाने काय झाले? औषध मिळाले काय? नाही. ऑटिझम बरा करणारे औषध नाही, आणि तसे सांगून पैसे उकळणारे भेटले तर त्यांना दारातूनच परत पाठवा. झाले एवढेच की मागच्या आयुष्याचा हिशेब नव्याने मांडता आला. ‘मी मूर्ख आहे, मी आळशी आहे, मी वाईट आहे’ अशा ज्या नोंदी चाळीस वर्षे वहीत पडल्या होत्या त्या खोडून तिथे खरे कारण लिहिता आले. आपल्याकडे सातबाऱ्यावर चुकीचे नाव चढले की माणूस जन्मभर कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. इथे तर स्वतःच्याच नावापुढे चुकीची नोंद होती.

निदानानंतर जे लिहिले गेले ते ‘नॅनेट’. २०१७ साली हा प्रयोग रंगभूमीवर आला. मेलबर्नला मानाचे पारितोषिक मिळाले, एडिंबरोच्या महोत्सवातले पारितोषिक दुसऱ्या एका कलावंताबरोबर विभागून मिळाले. २०१८ साली इंटरनेटवरून घरोघर चित्रपट पोचवणाऱ्या नेटफ्लिक्सने तो जगभर दाखवला, आणि पुढल्या वर्षी त्याच्या लेखनाला अमेरिकेतला एमी पुरस्कार मिळाला. त्यात विशेष काय होते? गॅड्स्बी प्रेक्षकांना विनोदाचे यंत्रच उघडून दाखवतात. विनोद म्हणजे दोन भाग: आधी ताण निर्माण करायचा, मग तो सोडायचा. आपल्या तमाशातल्या वगात सोंगाड्या नेमका हेच करतो. राजाचा राग कळसाला पोचला की हा मध्येच एक वाक्य टाकतो आणि मंडळी खो-खो हसतात. पण, गॅड्स्बी म्हणतात, खऱ्या गोष्टीला तिसरा भाग असतो, तो म्हणजे शेवट. आणि विनोदासाठी मी माझ्या आयुष्याच्या गोष्टींचे शेवट कापत आले.

प्रयोगाच्या सुरुवातीला बसच्या थांब्यावरचा एक किस्सा येतो. एक माणूस गैरसमजाने अंगावर धावून येतो, मग त्याला चूक कळते आणि तो मागे फिरतो. हशा. तासाभराने तोच किस्सा पुन्हा येतो, पण आता कापलेल्या शेवटासकट. तो माणूस मागे फिरून थांबला नव्हता. तो परत आला आणि त्याने बेदम मारले. कोणी सोडवायला आले नाही. इथे हशा नाही. गॅड्स्बी तो ताण सोडत नाहीत. प्रेक्षकांना तो घेऊनच घरी जावे लागते. सगळ्यांना हसवून आपले दुःख झाकायचे, हे आता मी करणार नाही, विनोद सोडते आहे, अशी त्यात घोषणाही आहे. ती काही पाळली गेली नाही. आपल्याकडच्या नटांचे शेवटचे प्रयोगही असेच दरवर्षी होतात!

त्याच प्रयोगात चित्रकार व्हॅन गॉग येतो. सूर्यफुले काढणारा तो. कोणी एक गृहस्थ गॅड्स्बी यांना सल्ला देतात की मनाची औषधे घेऊ नका, कलावंताने सोसले पाहिजे, व्हॅन गॉगने सोसले नसते तर सूर्यफुले झाली नसती. चित्रकलेचा इतिहास शिकलेल्या माणसापुढे असे बोलू नये. उत्तर असे मिळते की व्हॅन गॉग उपचार घेत होता, डॉक्टरांकडे जात होता, आणि त्याला थिओ नावाचा भाऊ होता. थिओ त्याला पैसे पाठवी, रंग पाठवी, त्याच्या पत्रांना उत्तरे लिही. सूर्यफुले आपल्याला मिळाली ती वेदनेमुळे नव्हेत, त्या भावामुळे. हे मला फार मोलाचे वाटते. कारण आपल्याकडेही ‘वेडाशिवाय कला नाही’ असे म्हणणारे पुष्कळ, आणि थिओ होणारे थोडे.

‘डग्लस’ हा त्यानंतरचा प्रयोग, २०१९ सालचा. डग्लस हे घरच्या कुत्र्याचे नाव. शिवाय स्त्रीशरीरातल्या एका जागेला कोणा जुन्या डॉक्टराचे तेच नाव चिकटले आहे, त्याचीही गोष्ट त्यात आहे. नाव कोण कोणाला देतो, हा त्यातला खरा प्रश्न. ऑटिझमबद्दल त्यात उघड बोलणे आहे. आणि मांडणी कशी? सुरुवातीचा बराच वेळ गॅड्स्बी फक्त पुढे काय होणार ते सांगतात. आधी हे बोलेन, मग कुत्र्याची गोष्ट, मग चित्रांवर व्याख्यान, इथे तुम्ही हसाल, इथे तुम्हाला राग येईल. आणि मग ते सगळे तसेच घडते, तरीही प्रेक्षक फसतात!

इंग्रजी वर्तमानपत्रांना या मांडणीचे मोठे नवल वाटले. मला सांगली आठवली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा काय होते? सूत्रधार पुढे येई, मंगलाचरण म्हणे, विदूषकाशी चार शब्द होत, गणपती येई, मोरावर बसून सरस्वती येई, आणि आज कोणते आख्यान होणार ते प्रेक्षकांना आधीच सांगितलेले असे. पुढेही सूत्रधार पदे म्हणून कथा सांगत राही आणि पात्रे ती करून दाखवीत. रामच धनुष्य मोडणार हे कोणाला ठाऊक नव्हते? तरी माणसे रात्रभर बसत. पुढचे माहीत असले की जीवाला धीर येतो, आणि धीर आला की मजा घेता येते. ज्या मुलाला उद्याच्या बदलाची भीती वाटते त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, असे तज्ज्ञ आज सांगतात. सूत्रधार म्हणजे दुसरे काय? हे भावे स्वतः तरी एकाच गुणाचे कोठे होते! पदे रचावीत, नटांना तालीम द्यावी, सोंगांची सजावट करावी, आणि लाकडाच्या बाहुल्या करून त्या हालवाव्यात. त्या बाहुल्यांना पुढे रामदास पाध्ये यांनी पुन्हा जिवंत केले. अर्थात कोणी असे समजू नये की मी भाव्यांचे निदान करतो आहे. मेलेल्या मोठ्या माणसांना रोगांची नावे चिकटवण्याचा एक छंद हल्ली निघाला आहे. तो मला पसंत नाही.

आपल्या देशात १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांत त्याची गणना झाली. त्यामुळे तपासणी होऊन दाखला मिळू शकतो. लहान मुलांसाठी शाळांतून आणि अंगणवाड्यांतून तपासणीची पथके येतात. शिक्षकांनी त्यांच्यापुढे खोडकर आणि मतिमंद म्हणून काढलेल्या मुलांबरोबर हुशार, एककल्ली, एकटी मुलेही उभी करावीत. मोठ्या माणसाने जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. तिथे जाताना लाजायचे कारण नाही.

आता माझी हकीकत.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी ज्या महाविद्यालयात होतो तिथे बी.ए.च्या वर्गात नाटक शिकवीत होतो. ‘अंकाच्या शेवटी पडदा पडतो, म्हणजे नेमके काय होते?’ असे मी विचारले. मला उत्तर हवे होते ते कथानकाच्या कलाटणीचे. पहिल्या बाकावर एक मुलगा नेहमी एकटा बसे. वडील गलाईत, दक्षिणेत. तो उभा राहिला आणि म्हणाला, ‘दोरी सोडतात, सर.’ वर्ग हसला. मला वाटले, हा मला हसला. मी म्हटले, ‘बाहेर उभा राहा.’ तो वही घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तो वर्गात नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता. मी हजेरीत गैरहजर मांडत गेलो. दोन आठवड्यांनी शिपाई म्हणाला, ‘सर, तुमच्या तासाला ते पोरगं रोज दाराबाहेर उभं असतं, भिंतीला धरून. लिहितं पण.’ मी बाहेर जाऊन पाहिले. वहीत माझा प्रत्येक तास अक्षर न् अक्षर उतरवलेला होता. मी त्याला आत घेतले, पण चूक माझी आहे असे म्हणालो नाही. उलट ‘असा वेड्यासारखा काय उभा राहतोस’ असेच म्हणालो असेन.

पुढे तोही गलाईत गेला. त्याला ऑटिझम आहे असे मी म्हणत नाही. तो माझा अधिकार नाही. पण पेटीची आणि पेंग्विनची गोष्ट ऐकताना मला आठवली ती त्याची वही.

गेल्या दसऱ्याला पालख्यांच्या गर्दीपासून लांब, एस.टी. स्टँडच्या मागच्या बाजूला तो मला भेटला. कानांत कापसाचे बोळे घातले होते. धंदा बरा चालला आहे म्हणाला. कस लावण्यात त्याचा हात त्या बाजारात चांगला मानतात, हे मला दुसऱ्याकडून कळले होते. मी त्याला म्हटले, ‘बाबा रे, त्या वेळी मी तुला बाहेर काढले ते चुकले माझे.’ तो थोडा वेळ माझ्या खांद्यापलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘नऊ तास, सर. पावसामुळं दहावा झाला नव्हता.’

मी विचारले, ‘मग तू आत का नाही आलास?’

‘तुम्ही आत ये म्हणाला नव्हता,’ तो म्हणाला. त्याची गाडी लागली होती. पाटी दोनदा वाचून तो चढला.